बल सहाय्यक

पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधल्या एका सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरची जागा बरीच वर्षं रिकामी होती आणि तिचं काम अत्यंत सुरळीत चाललं होतं. हात मोडलेला माणूस बसने नागपूरला जाई. पाय मोडलेला माणूस खाटेवर घालून स्टेशनापर्यंत आणि तिथून नागपूरला जाई. ज्याला नागपूर परवडत नसे तो मोहगावकडच्या वैदूकडून बांबूच्या कामट्या बांधून घेई आणि पुढे जन्मभर थोडा तिरपा नमस्कार करी. कुणाची तक्रार नव्हती. दवाखान्यातून दरवर्षी जागा भरण्याची मागणी वर जाई आणि वरून दरवर्षी मागणी मिळाल्याची पोच खाली येई.

अशा परिस्थितीत एका उन्हाळ्यात ती जागा भरली गेली. ही चूक नेमकी कुणाकडून झाली हे शेवटपर्यंत निश्चित होऊ शकलं नाही.

नव्या डॉक्टरचं नाव होतं मालती सोमकुंवर. रामाकोन्याचे रेल्वे गँगमन सुखदेव सोमकुंवर यांची ही मुलगी जबलपूरला हाडांच्या शस्त्रक्रियेत एम.एस. झाली होती. तिथल्या प्राध्यापकांनी तिला आधी स्त्रीरोग, मग डोळे, मग भूलशास्त्र आणि शेवटी लग्न असे पर्याय मोठ्या मायेने सुचवले होते. तिने सगळे लक्षपूर्वक ऐकले होते आणि हाडं घेतली होती.

दवाखान्याचे प्रभारी डॉ. वामन खोडे यांनी तिची ऑर्डर वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"मॅडम, तुम्ही बाळंतपणाच्या का?"

"नाही सर. हाडांची."

"म्हणजे बाळंतपणातली हाडं?"

"सगळी, सर. दोनशे सहा."

खोडेसाहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला. "बसा, बसा. माझा विरोध नाही आहे हं. माझ्या दोन्ही पोरी शिकून राहिल्या. पण लोकांचं पाहावं लागते ना."

लोकांचं काय ते लोकांना विचारण्यात आलं नाही. पण खोडेसाहेबांनी तोडगा काढला. बाई डॉक्टर आहे, तर बायांची हाडं बाईकडे. 'महिला अस्थिरोग कक्ष' अशी पाटी लागली आणि डॉ. मालती तिच्याखाली बसू लागली. कुणी आलं नाही. चौकशीअंती असं आढळलं की या भागातल्या स्त्रियांची हाडं मोडत नाहीत, दुखतात. मनगट वाकडं झालेली बाई ते पदरात घेऊन दुसऱ्या हाताने चूल पेटवते. घरात कुणी 'मोडलं' असं म्हणत नाही तोवर तिथे मोडलेलं काही नसतं, आणि तसं ज्याने म्हणायचं तो शेतावर गेलेला असतो.

पुरुष मात्र पाटी न वाचता येत. एक संत्र्याचा बागवान शिडीवरून पडून आला. डॉ. मालतीने त्याचा हात हातात घेऊन बोटांनी चाचपला.

"सिस्टर, डाक्टरसाहेब कवा येतीन?" त्याने विचारलं.

"आलेत."

"कुठी हायेत?"

"तुमचा हात धरून बसलेत."

बागवानाने हात काढून घेतला आणि नागपूरची बस धरली.

दवाखान्याचे बाबू तुळशीराम हे विचारी गृहस्थ होते. लोकांच्या मनातली शंका त्यांनी प्रथम शास्त्रीय भाषेत मांडली. "साहेब, हाड बसवाले ताकत लागते." हे वाक्य इतकं उघड खरं होतं की दवाखान्यात ते आजवर कुणाला कसं सुचलं नाही याचंच सर्वांना नवल वाटलं.

"सर," डॉ. मालती म्हणाली, "भूल दिली की स्नायू सैल पडतात. मग जोर लागत नाही, दिशा लागते. मांडीला रात्रभर ओढ द्यायची असते तेव्हा आपण पलंगाला विटा टांगतो. विटेला कुणी विचारत नाही बाई आहेस की बुवा."

"वीट सरकारी नोकरीत नाही, मॅडम," खोडेसाहेब म्हणाले.

सदर पदास आवश्यक असलेलं शारीरिक बल स्त्री अधिकाऱ्यात असतं किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागवण्यात आलं. हाडांच्या डॉक्टरच्या मागणीला जे जमलं नव्हतं ते या पत्राला जमलं. उत्तर पंधरवड्यात आलं. 'असे कोणतेही मानक उपलब्ध नाही. स्थानिक समिती नेमून मोजावे.'

समितीत खोडेसाहेब, तुळशीराम बाबू आणि गावच्या आखाड्याचे वस्ताद होते. कापसाचं एक भरलेलं पोतं उचलून दाखवणं ही कसोटी ठरली. डॉ. मालतीने एकच प्रश्न विचारला.

"तुलनेसाठी कुणी पुरुष डॉक्टर पोतं उचलणार आहेत का?"

खोडेसाहेबांचा हात नकळत कमरदुखीच्या पट्ट्यावर गेला. "पुरुषाच्या बाबतीत बल गृहीत धरलेलं आहे, मॅडम."

जिनिंगच्या कारखान्यातून पोतं यायला उशीर झाला. शेवटी दोन मजूर बाया ते घेऊन आल्या. "कुठी ठेवू जी?" असं विचारून त्यांनी ते समितीच्या पुढ्यात उतरवलं, पदराने तोंड पुसलं आणि दुसरं आणायला निघून गेल्या. 'पोते प्राप्त झाले,' एवढी नोंद समितीने घेतली.

डॉ. मालतीला पोतं उचलता आलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की अधिकारी ज्ञानाने परिपूर्ण असून बलाने तुटपुंजी आहे. आता सरकारी पद्धत अशी की कार्यालयात पंखा नसेल तर पंखा पुरवायचा, खुर्ची नसेल तर खुर्ची. त्याच न्यायाने वरून आदेश आला. दवाखान्यात 'बल सहाय्यक' हे पद निर्माण करण्यात येत आहे. उमेदवार पुरुष व धडधाकट असावा. हाडांच्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी तो थिएटरमध्ये हजर असावा, जेणेकरून आवश्यक बल उपलब्ध राहील. त्याच्या हजेरीशिवाय ऑपरेशन करू नये.

आदेशात आणखी एक कलम होतं. भाद्रपद संपेपर्यंत डॉ. सोमकुंवर यांच्या नावावर एकही स्वतंत्र, म्हणजे बल सहाय्यकाच्या बलाशिवाय केलेलं, ऑपरेशन दिसलं नाही तर त्यांना कुटुंब नियोजनाच्या शिबिरांकडे कायमचं वर्ग करण्यात यावं, कारण तिथे स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे.

डॉ. मालतीने आदेश वाचून विचारलं, "सर, बल सहाय्यकाशिवाय ऑपरेशन करायला मनाई आहे. आणि बल सहाय्यकाशिवाय ऑपरेशन केलं नाही तर माझी हाडं जाणार. मी नेमकं काय करू?"

"दोन्हीचं काटेकोर पालन करा," खोडेसाहेब म्हणाले.

बल सहाय्यक म्हणून जिनिंगमधला हमाल हिरामण निवडला गेला. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेत, समोरून दगडांचा मारा चालू असताना, जाम नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झेंड्यापर्यंत तो दोन वेळा जाऊन आला होता. त्यापुढे आणखी परीक्षा घेण्याची गरज समितीला वाटली नाही.

पहिल्याच ऑपरेशनला डॉ. मालतीने सुरी टेकवली आणि हिरामण भिंतीला घासत हळूहळू खाली गेला. शुद्धीवर आल्यावर तो ओशाळून म्हणाला, "म्याडम, माणसाचं रगत पाहून मले कसंतरीच होते जी." तेव्हापासून तो कोपऱ्यात स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसू लागला. तिथून बल उपलब्ध राहिलं.

काम सुरू झालं. पुरुष बल हजर आहे हे कळताच रोगी नागपूरऐवजी दवाखान्यात उतरू लागले. मांड्या जुळल्या, खांदे बसले, वाकडे हात सरळ झाले. गावोगाव बातमी पसरली की हिरामणच्या हाताला गुण आहे. बोरगावहून लोक त्याच्यासाठी टोपलीभर संत्री आणू लागले.

"मी काही नाई करत जी," हिरामण कळवळून सांगे. "मी त भितीकडं तोंड करून बसून रायतो. सारं म्याडम करते."

"पाह्यलं?" लोक एकमेकांना म्हणत. "मोठा डाक्टर असाच असते. जरा गर्व नाई."

त्याची आई देवकाबाई नळावर हंडा लावून आयाबायांना सांगे, "आज माह्या हिरामणनं मांडी बसोली माय. थकून आला बिचारा."

एकदा ऑपरेशन झाल्यावर हात धूत असलेल्या डॉ. मालतीला हिरामणने दाराआडून विचारलं, "म्याडम, तुमाले राग नाई येत का?"

"येतो ना."

"मंग दिसत कसा नाई?"

"रागाने हात थरथरतो. म्हणून मी तो दवाखाना सुटल्यावर येऊ देते."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार. म्हणतात की नदीच्या एका काठच्या तरुणाने दुसऱ्या काठची मुलगी नेली, आणि दोन्ही काठांनी त्यांच्यावर दगड मारले, त्याची ही आठवण. मुलीला कुठल्या काठावर जायचं होतं हे विचारायचं तेव्हा राहून गेलं, आणि पुढे दरवर्षी दगडांची व्यवस्था बघण्यातच वेळ जातो.

हिरामणने रजा टाकली होती. ऑपरेशन थिएटरमध्ये माणसाचं रक्त पाहून कोसळणारा हा गडी नदीत मात्र झेंडा तोडायला कुऱ्हाड घेऊन उतरे, कारण तिथलं रक्त बहुधा आपलंच असे. दुपारी चार जणांनी त्याला खाटेवर घालून आणलं. दगड नडगीवर बसला होता. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि जखमेत नदीचा गाळ होता.

देवकाबाई खाटेमागून धावत आली. "डाक्टरसाहेबाले बलवा! माह्या लेकराचा पाय गेला वं! डाक्टरसाहेबाले बलवा!"

तुळशीराम बाबू खाली मान घालून म्हणाले, "माय, डाक्टरसाहेब म्हंजे तुमचाच हिरामण न."

देवकाबाईचं रडणं थांबलं. तिने खाटेकडे पाहिलं, बाबूंकडे पाहिलं, आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा डॉ. मालतीकडे नीट पाहिलं.

दवाखान्याची जीप डोकी फुटलेल्यांना घेऊन नागपूरला गेली होती. "वाट बघता येणार नाही," डॉ. मालती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत जखम धुऊन हाड बसवलं नाही तर पाय सडेल. मग कापावा लागेल."

"ऑपरेशन करता येणार नाही, मॅडम," खोडेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. "बल सहाय्यक हजर पाहिजे."

"हजर आहे, सर."

"कुठे?"

"टेबलावर."

खोडेसाहेबांनी आदेश काढला. हजर असावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. कोणत्या स्थितीत हजर असावा याबद्दल आदेशात काही नव्हतं. त्यांनी सही केली.

भूल पाठीच्या कण्यातून दिली होती, त्यामुळे हिरामणची कंबरेखालची शुद्ध हरपली आणि वरची शाबूत राहिली. मध्ये पडदा होता. तोंड भिंतीकडे करायची सोय नसल्याने तो छताकडे पाहत होता.

"म्याडम, पाय कोन ओढून राह्यलं?"

"मी."

"जोर नाई लागून राह्यला?"

"तू मानही सैल सोड. उगाच ताणून धरलीयेस."

बराच वेळ नुसतं पाणी आणि अवजारं वाजत राहिली. मग कट् असा बारीक आवाज झाला.

"हे काय मोडलं आता?"

"मोडलं नाही. बसलं."

"येवढ्यातच?" हिरामणने पडद्याकडे मान वळवली. "मंग मले कायले ठेवलं होतं जी?"

"मला विचारू नकोस. मी नव्हतं ठेवलं."

पाय वाचला. डॉ. मालतीने वर कळवलं की हे ऑपरेशन बल सहाय्यकाच्या बलाशिवाय झालं असून ते स्वतंत्र धरण्यात यावं. चौकशी समिती आली. हिरामण प्लास्टर घेऊन, कुबड्यांवर तिच्यापुढे उभा राहिला.

"सायेब, मी आडवा होतो. बाईनंच केलं. पह्यलेपासून बाईच करून राह्यली."

समितीच्या अध्यक्षांनी त्याला थांबवलं. "तू हे रोगी म्हणून सांगून राहिला का बल सहाय्यक म्हणून? रोगी म्हणून सांगत असशील तर तू औषधाच्या अमलाखाली होता, तुझी साक्ष धरता येत नाही. बल सहाय्यक म्हणून सांगत असशील तर तू इतके महिने बल दिलं नाही, म्हणजे शिस्तभंग आहे. विचार करून बोल."

मागून देवकाबाईने त्याचा सदरा ओढला. "चूप बस न बे."

"शिस्तभंग त शिस्तभंग," हिरामण म्हणाला. "बाईनंच केलं."

समितीने साक्ष बाजूला ठेवली आणि तर्काकडे वळली. हाड बसलं, त्याअर्थी बल लागलं. ते बल अधिकाऱ्यात नव्हतं, हे पोत्याने सिद्ध झालेलं होतं. बल सहाय्यक स्वतःच नाकारत होता. तेव्हा आसपास तिसरा कोणीतरी पुरुष असलाच पाहिजे. शोध घेता तुळशीराम बाबू सापडले. ऑपरेशनच्या वेळी ते थिएटरच्या दाराबाहेर होते.

"बाबू, तुम्ही काय करत होता तिथे?"

"काही नाई जी. दाराले टेकून उभा होतो."

"टेकून म्हणजे जोर लावून?"

तुळशीराम बाबूंनी समितीच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "थोडासा," ते म्हणाले.

दारामार्फत बल प्राप्त झाल्याची नोंद झाली. तुळशीराम बाबूंना प्रशस्तिपत्र मिळालं, हिरामणला ताकीद मिळाली आणि ऑपरेशन स्वतंत्र नव्हतं असा निर्णय झाला. मात्र समिती निर्दय नव्हती. निर्णयाच्या शेवटी तिने एक वाट मोकळी ठेवली होती. भाद्रपद संपण्यापूर्वी एखाद्या सुशिक्षित रुग्णाने, पूर्ण शुद्धीत, 'बल सहाय्यक नको, डॉ. सोमकुंवर यांनीच माझं हाड बसवावं' असं स्वतःहून मागितलं, तर शिबिरांकडे वर्ग करण्याचा फेरविचार करता येईल. एक रुग्ण पुरे होता.

आठवडाभर कुणी मागितलं नाही. हिरामण कुबड्या घेऊन बाजारात, बसस्टँडवर, पानठेल्यावर सांगत फिरला. लोकांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि आपापले गुडघे तपासायला पुढे केले.

आणि मग सौंसरच्या एका वाचक मंडळाने डॉ. मालतीला व्याख्यानाला बोलावलं. मंडळ पुरोगामी होतं. मासिकं नियमित मागवत होतं. विषय होता 'स्त्री आणि नवी क्षितिजं'. डॉ. मालतीला क्षितिजांबद्दल फारसं सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने जे घडलं ते क्रमाने सांगितलं. पोतं आलं तिथे हॉल हसला. 'टेबलावर' म्हटल्यावर लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. दाराला टेकलेल्या बाबूंपाशी तर मंडळाचे सचिव वसंतराव यांना ठसकाच लागला. शेवटी तिने समितीची अट वाचून दाखवली. एक रुग्ण पुरे आहे, असं सांगून ती खाली बसली.

टाळ्या खूप वेळ चालल्या. वसंतरावांनी आभार मानताना या बुरसटलेल्या व्यवस्थेचा निषेध केला, हसणाऱ्यांनी अंतर्मुख व्हावं असं सुचवलं आणि डॉक्टरबाई आपल्या भागात राहिल्याच पाहिजेत असा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला.

चहा चालू असताना वसंतराव कपबशी घेऊन जवळ आले. "मॅडम, एक खाजगी विचारू का?" त्यांनी बाही वर केली. मागे स्कूटरवरून पडले होते, तेव्हापासून कोपर सरळ होत नव्हतं.

डॉ. मालतीने कोपर वाकवून पाहिलं, बोटांनी हाडाची रेघ तपासली. मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"हाड वाकडं जुळलंय. उघडून सरळ करावं लागेल. अवघड नाही. पुढच्या आठवड्यात करता येईल. भाद्रपद संपायच्या आत."

"वा!" वसंतराव म्हणाले. "निदान करावं तर असं. आमच्या घरच्यांना मी हेच सांगून राहिलो होतो." त्यांनी खिशातून पेन काढून तिच्या हातात दिलं. "आता तेवढा एक उपकार करा. नागपूरला यासाठी कोणी चांगला डॉक्टर असला तर पत्ता लिहून द्या. तुमच्या ओळखीचा. जरा भक्कम हाताचा."

डॉ. मालतीने पेनकडे पाहिलं. मग पत्ता लिहिला, पिनकोडसह.

मान वर केली तेव्हा वसंतरावांच्या मागे एक मास्तर गुडघा चोळत उभे होते. त्यांच्यामागे सुनेची पाठदुखी घेऊन एक सासरे होते, आणि त्यांच्यामागे, सभेत सगळ्यात मोठ्याने हसलेले दोघे. रांग शिस्तीत होती. चहाचे कप सांभाळत ती दारातून बाहेर, थेट रस्त्यापर्यंत गेली होती.

डॉ. मालती महिनाअखेर शिबिरांवर रुजू झाली. त्याआधी तिने रांगेतल्या प्रत्येकाला पत्ता लिहून दिला. वाचकहो, आपलंही काही दुखत असेल तर रांगेच्या शेवटी उभं राहायला हरकत नाही. हसून झालेलं असावं, एवढीच अट आहे.